बामाच्या वासाची बीअर आणि दिल्लीचा बंटा

‘रूट बीअर’ हा शब्द मराठी घरात काढला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘बीअर? आणि ती घरात?’ तर आधी तेच मिटवू. रूट बीअरमध्ये दारू नसते. झाडांच्या मुळ्या, साली आणि मसाले यांच्या अर्काचा, साखर घातलेला, फसफसणारा तो सोडा आहे. लहान मुलंही पितात.

ही शंका फक्त आपल्यालाच येते असंही नाही. फिलाडेल्फियाच्या चार्ल्स हायर्स नावाच्या औषध दुकानदाराने १८७६ साली तिथल्या मोठ्या प्रदर्शनात हे पेय लोकांपुढे आणलं आणि ते गाजलं. पुढे १८९५ मध्ये अमेरिकेतल्या दारूबंदीवाल्या महिला संघटनेने नाव वाचून त्यावर बहिष्कार टाकला. तीन वर्षं तो चालला. शेवटी प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि कळलं की त्यात जेवढं अल्कोहोल आहे, तेवढं अर्ध्या पावातही असतं. हायर्सला म्हणे आधी ‘रूट टी’ हे नाव द्यायचं होतं, पण पेनसिल्व्हेनियातले खाणकामगार चहा कशाला पितील, म्हणून ‘बीअर’ झालं. जाहिरातीची कॉपी लिहून पोट भरणारी मी, मला हा निर्णय पूर्ण पटतो. नावाने माल विकला जातो आणि नावानेच भांडणंही होतात.

मी गेली दोन वर्षं एक वही ठेवते. त्यात वेगवेगळे सोडे चाखून त्यांच्याबद्दल चार ओळी लिहायच्या आणि दहापैकी गुण द्यायचे, एवढंच. परदेशात रूट बीअर चाखणाऱ्यांचे मोठे छंदी गट आहेत. छोट्या कारखान्यांत थोड्या थोड्या प्रमाणात बनणाऱ्या बाटल्या ते शोधून काढतात, फेसाची जाडी मोजतात, व्हॅनिला जास्त की ज्येष्ठमध, यावर वाद घालतात. आपल्याकडे दिल्लीत बसून तसं करायला गेलं तर हाती लागतात मोजके आयात कॅन. म्हणून माझी वही लवकरच रूट बीअरवरून घसरली आणि बंटा, गोटी सोडा, रासबेरी, जिरा, नन्नारी अशा वाटेने चालू लागली. मला विचाराल तर तेच बरं झालं.

पण आधी मूळ पेय. दिल्लीत ते मिळण्याची खात्रीची जागा म्हणजे आयएनए मार्केट. मयूर विहारहून पिंक लाइनने थेट ‘दिल्ली हाट-आयएनए’ला उतरायचं. आत मासळीचा वास ओलांडला की आयात मालाची दुकानं लागतात. तिथे रूट बीअरचे कॅन असतात, कधी नसतातही. एका कॅनच्या किमतीत रस्त्यावरचे तीन-चार बंटे येतात, त्यामुळे घेण्याआधी दोन गोष्टी बघा. आयातदाराचं नाव आणि १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असलेलं लेबल आहे का, आणि मुदत किती उरली आहे. स्वस्तात लावलेले कॅन बहुतेक वेळा मुदतीच्या काठावरचे असतात, आणि जुन्या कॅनमध्ये सगळ्यात आधी वास मरतो. वास गेलेली रूट बीअर म्हणजे नुसतं तपकिरी साखरपाणी.

आता चव. पहिला घोट घेतल्यावर दहातले आठ भारतीय एकच वाक्य म्हणतात: ‘अरे, हा तर बाम!’ हसू नका, ते शंभर टक्के बरोबर असतं. अमेरिकेत रूट बीअरला जी ओळखीची चव असते, तिच्यात विंटरग्रीन नावाच्या झुडपाच्या तेलाचा मोठा वाटा आहे. त्या तेलाचा मुख्य घटक मिथाइल सॅलिसिलेट. घरातल्या दुखऱ्या गुडघ्यांच्या बामाची डबी उलटी करून वाचा. तिथे हेच नाव, नाहीतर ‘गंधपुरा तेल’ असं छापलेलं सापडेल. अमेरिकन मुलाला त्या वासाने उन्हाळ्याची सुट्टी आठवते. आपल्याला आजीची पाठ. वास तोच असतो, त्याच्याशी जोडलेलं घर वेगळं असतं. त्यामुळे ‘रूट बीअर वाईट लागते’ असं मी वहीत कधीच लिहीत नाही. मी लिहिते, ‘बाम आधी, व्हॅनिला नंतर, शेवटी किंचित ज्येष्ठमध. गोडी मिट्ट. ६/१०.’

जुन्या रूट बीअरचा खरा आत्मा सॅसफ्रास नावाच्या झाडाच्या मुळाच्या सालीत होता. त्या सालीतल्या सॅफ्रोल या घटकाने उंदरांमध्ये कर्करोग होतो असं आढळल्यावर अमेरिकेने १९६० साली त्याच्या वापरावर बंदी घातली. तेव्हापासून बाजारातली प्रत्येक रूट बीअर ही एका अर्थाने आठवणीवरून काढलेलं चित्र आहे: सॅफ्रोल काढून टाकलेला अर्क, किंवा विंटरग्रीन, व्हॅनिला, बडीशेप-ज्येष्ठमधाच्या जातीचे वास आणि जळक्या साखरेचा रंग. म्हणून दोन कंपन्यांच्या रूट बीअरमध्ये एवढा फरक पडतो. कोलाचं तसं नाही. कोला साधारण कोलासारखाच लागतो.

आता या सगळ्यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. आयएनए मार्केटमध्येच केरळी माल विकणारी दुकानं आहेत. केळ्याचे वेफर्स, मट्टा तांदूळ, आणि कोपऱ्यात तपकिरी सिरपच्या बाटल्या: नन्नारी. दक्षिणेत उन्हाळ्यात लिंबू पिळून नन्नारी सरबत पितात, मदुराईच्या जिगरठंडात हेच सिरप असतं, आंध्रात त्याला सुगंधी म्हणतात. बाटली उघडून हुंगली आणि मी दुकानातच थबकले. व्हॅनिला, ओली माती, थोडं चंदन, आणि मागे कुठेतरी रूट बीअर! बाम वगळलेली रूट बीअर.

घरी येऊन शोधाशोध केली, तर नन्नारी म्हणजे आपली उपळसरी. अनंतमूळ. संस्कृतात सारिवा, सारिवाद्यासव या नावाने औषधांच्या दुकानात मिळतं त्यातली. ही बारीक वेल सह्याद्रीत आणि महाराष्ट्रात इतरत्रही रानात सर्रास दिसते. इंग्रजांनी तिला ‘इंडियन सार्सापरिला’ म्हटलं, कारण वास आणि उपयोग अमेरिकेतल्या सार्सापरिलासारखा वाटला. वनस्पती म्हणून दोघींचं काहीच नातं नाही. पण नातं दुसरीकडे आहे. उपळसरीच्या मुळीला जो सुवास येतो त्याचा मुख्य रेणू, व्हॅनिलाचा रेणू आणि बामातलं मिथाइल सॅलिसिलेट, या तिघांचं रासायनिक सूत्र एकच आहे. कार्बनचे आठ अणू, हायड्रोजनचे आठ, ऑक्सिजनचे तीन. फक्त मांडणी वेगळी. तेवढ्या मांडणीने एक बाम होतो, एक आइस्क्रीम आणि एक काढा. मी बीए इंग्रजी. दहावीनंतर रसायनशास्त्राला नमस्कार केलेला. तरी हे वाचल्यावर मी वहीत त्या पानाला चौकट केली.

मला एकच खंत वाटते. तमिळ आणि मल्याळी माणसाने या मुळीचं सरबत केलं, ते टपरीवर आणलं, पाहुण्याला दिलं. आपण ती काढ्यातच ठेवली. मराठी घरात ‘अनंतमूळ’ म्हटलं की लोक विचारतात, ‘काय होतंय तुला?’

करून बघायचं असेल तर सोपं आहे. उंच पेल्यात दोन मोठे चमचे नन्नारी सिरप, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर साधं मीठ, आणि वरून अगदी थंड साधा सोडा, पेला तिरका धरून हळू. चमच्याने ढवळू नका, गॅस जातो. सिरप घेताना मागचं लेबल वाचा. ‘मुळीचा अर्क’ लिहिलेलं घ्या, नुसता ‘फ्लेव्हर’ नको. सुकी मुळी हवी असेल तर चांदणी चौकाच्या टोकाला खारी बावलीत मिळते. ती धुऊन, ठेचून, रात्रभर पाण्यात भिजवून, त्या पाण्याचा पाक करायचा. उकळी फार देऊ नका. सुगंध वाफेबरोबर निघून जातो आणि स्वयंपाकघर तेवढं छान होतं.

खारी बावलीपर्यंत गेलातच तर तसेच चांदणी चौकातून टाउन हॉलकडे चालत या. तिथे वेद प्रकाश लेमनवाले यांचं दुकान आहे. एकोणिसाव्या शतकापासून हे काम त्यांच्या घराण्यात चालत आल्याचं सांगतात. दिल्लीचा ‘बंटा’ म्हणजे आपला गोटी सोडा. बंटा हा पंजाबी शब्द, अर्थ गोटी. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी अडकलेली, ती अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने आत ढकलली की ‘फट्ट’. मग पेल्यात लिंबू, काळं मीठ, मसाला आणि वरून सोडा. आमच्या वहीत त्याला ८/१० आहेत. उरलेले दोन मी काळ्या मिठामुळे कापले. काळं मीठ जरा जास्त झालं की उकडलेल्या अंड्याचा वास पुढे येतो आणि लिंबू मागे ढकललं जातं. दिल्लीकर मित्रमंडळींना हे मान्य नाही. नसू दे.

ती बाटली मात्र दिल्लीची नाही आणि मुंबईचीही नाही. हायरम कॉड नावाच्या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं. युक्ती सुरेख आहे. बाटली उलटी धरून भरतात, सरळ करताना आतल्या वायूचा दाब गोटीला गळ्यातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो. म्हणजे सोडाच स्वतःचं बूच धरून ठेवतो. दाब कमी झाला तर गोटी घट्ट बसत नाही, त्यामुळे गोटी सोडा फुसका निघाला तर तो उघडण्याआधीच कळतं. १८९२ मध्ये पत्र्याचं दातेरी झाकण आलं आणि विलायतेत ही बाटली हळूहळू संपली. तिकडची पोरं गोटीसाठी बाटल्या फोडायची, हेही एक कारण सांगतात. आज ती जगात मुख्यतः दोन ठिकाणी जिवंत आहे: जपानच्या रामुनेमध्ये आणि आपल्याकडे. २०२५ मध्ये तर केंद्राच्या अपेडा या निर्यात संस्थेने ‘गोली पॉप सोडा’ नावाने तिची आखाती देशांत आणि युरोप-अमेरिकेत पाठवणी केल्याची घोषणाही केली.

या बाटलीची एक अडचण आहे, ती झाकून उपयोग नाही. गळ्याला खाच असल्यामुळे ती धुणं फार कठीण. ब्रश नीट फिरत नाही. त्यामुळे बंटा पिताना बाटली उजेडासमोर धरून बघा, गळ्याच्या खाचेत काळी रेघ दिसली तर सरळ परत करा. बर्फाबद्दल शंका असेल तर बर्फ नको म्हणा. मुलांना तोंडाला बाटली लावून पिऊ देण्यापेक्षा घरून नेलेल्या पेल्यात ओतून द्या.

आता थोडं आपल्याकडे, म्हणजे पुण्या-मुंबईकडे. बाबांचं बालपण पुण्याच्या कॅम्पातलं, आणि त्यांच्यासाठी सोडा या शब्दाचा अर्थ एकच: शरबतवाला चौकातल्या आर्देशीरची रासबेरी. अर्देशीर खोदादाद इराणी यांनी १८८४ मध्ये हा कारखाना काढला. मुंबईत त्याहून जुनी पालनजी, १८६५ ची; पारशी लग्नात पातरानी मच्छीबरोबर तिची लाल रासबेरी नसेल तर जेवण पूर्ण होत नाही म्हणतात. ड्यूक्स १८८९ ची. संस्थापक दिनशॉ पांडोळे क्रिकेटपटू, आणि नाव ठेवलं क्रिकेटच्या चेंडूच्या ब्रँडवरून. १९९४ मध्ये ती पेप्सीकडे गेली. सोडावॉटर ही साहेबाची सवय होती, धंदा पारशी-इराण्यांनी उभा केला आणि पाहुणे आल्यावर कोपऱ्यावर पळवलं गेलं मराठी पोरांना. गुरुग्रामच्या सायबर हबमध्ये २०१३ साली ‘सोडाबॉटलओपनरवाला’ नावाचं रेस्तराँ निघालं तेव्हा दिल्लीकरांना तो विनोद वाटला होता. पारश्यांमध्ये हे आडनाव खरंच असतं, हे सांगून मी ऑफिसात दोन वेळा पैज जिंकले आहे.

रासबेरी सोड्यात रासबेरी नसते, हे तुम्हाला माहीत असेलच. तरी ती चव खोटी म्हणवत नाही. शंभर वर्षं एकाच चवीला लोक रासबेरी म्हणत असतील तर ती त्या शब्दाची चव झाली. गेल्या वर्षी पुण्याहून येणाऱ्या मावशीने चार काचेच्या बाटल्या साड्यांत गुंडाळून आणल्या. वहीतली नोंद: ‘गुलाबी लाल. वास पेपरमिंटच्या गोळीच्या शेजारचा. गॅस जाडा, नाकात जातो. गोडी बाटलीबंद कोलापेक्षा कमी वाटते. शेवटी जिभेवर काही उरत नाही, म्हणून दुसरा घोट. ९/१०.’ त्यातला एक गुण बाबांनी वशिल्याने वाढवला आहे.

बाबांचा विषय निघाला आहे तर सांगते. त्यांना मधुमेह आहे, आणि या वहीत निम्मी मतं त्यांची आहेत. नऊ वर्षांपूर्वी गोड बंद झालं तेव्हा त्यांनी ते शिस्तीने बंद केलं. पण घरात कुणी बाटली उघडली की ते उठून बाल्कनीत जायचे, आणि आम्ही तिघं मग गुपचूप प्यायचो. सोडा हा चोरून प्यायचा पदार्थ झाला होता. डॉक्टरांशी बोलून आम्ही नियम ठरवला: चहाचा एक चमचा, महिन्यातून दोन बाटल्यांचा, आणि तोही जेवणाबरोबर. चहाचे परीक्षक जसे चमच्याने सुर्रकन ओढतात तसा. तेव्हापासून ते बाल्कनीत जात नाहीत. चष्मा लावून बसतात आणि ‘घाई करू नकोस, आधी वास लिही’ म्हणून माझ्यावर ओरडतात. हे प्रत्येकाला चालेलच असं नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नका. पण चाखणं आणि पिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या चमच्यामुळे नीट कळलं.

आकडेही सांगायलाच हवेत. ३५५ मिलीच्या आयात रूट बीअरच्या एका कॅनमध्ये साधारण ४५ ग्रॅम साखर असते. चहाचे अकराएक चमचे. साध्या कोलात १०० मिलीला साडेदहा-अकरा ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभरात वरून घेतलेली साखर २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे एक कॅन एकट्याने संपवला तर जवळजवळ दोन दिवसांचा हिशोब झाला. आमच्याकडे एक कॅन पाच जणांत, छोट्या स्टीलच्या वाट्यांमध्ये. परीक्षण करायला दोन घोट पुरतात. तिसरा घोट मजेचा.

चाखण्याची पद्धत विचाराल तर फार शास्त्र नाही. सगळ्यांना सारखे पेले, शक्यतो काचेचे. बाटली फ्रीजमधून काढली की पहिला घोट लगेच, दुसरा दहा मिनिटांनी. थंडपणात गोडी लपते; दहा मिनिटांनी पेय कोमट व्हायला लागलं की खरी साखर कळते आणि वाईट सोडा तिथेच उघडा पडतो. मध्ये तोंड साफ करायला साधं पाणी आणि चार कुरमुरे, बिनमिठाचे. जिभेवर जे टोचतं ते फक्त बुडबुडे नसतात, पाण्यात विरघळलेल्या वायूचं आम्ल जिभेला जाणवतं तेही त्यात असतं. म्हणून फेस कमी असूनही एखादा सोडा झणझणीत लागतो. आणि लेबल कागदाने झाकून ओता. माझा चुलतभाऊ कोलाचा कट्टर भक्त. झाकून दिल्यावर त्याने आपल्या लाडक्या ब्रँडला ‘पाणचट’ म्हटलं आणि अजून मान्य करत नाही.

सगळ्यात अवघड काम गुण देण्याचं नाही, शब्द शोधण्याचं आहे. ऑफिसात मी दिवसभर इंग्रजीत ‘रिफ्रेशिंग’ लिहिते. नोएडात बसून गेल्या तीन वर्षांत हा शब्द मी साबणाला, चादरीला आणि गृहकर्जालाही लावला आहे. वही मराठीत ठेवायची ठरवली तेव्हा तो शब्द चालेना, कारण मराठीत तो लिहून काहीच सांगितल्यासारखं वाटत नाही. मग आई मदतीला आली. गुळचट, उग्र, तुरट, करपट, आंबूस, फिक्कट, मुळमुळीत, झणका, ठसका. ‘या आल्याच्या सोड्यात ठसका आहे पण झणका नाही,’ असं ती एकदा म्हणाली, आणि दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून चाखल्यावर तो फरक मलाही लागला. ठसका घशात, झणका नाकात. इंग्रजीत हे सांगायला मला अख्खं वाक्य लागलं असतं.

या बाजाराचं राजकारणही गमतीचं आहे. १९७७ मध्ये कोका-कोला भारतातून गेली, तेव्हा जनता सरकारने ‘डबल सेव्हन’ नावाचं सरकारी कोला काढलं. सरकारी मॉडर्न फूड इंडस्ट्रीजने ते बनवलं आणि इथेच, प्रगती मैदानावरच्या व्यापार मेळ्यात लोकांपुढे आणलं. ते चाललं नाही. चालला तो पार्लेचा थम्स अप आणि दिल्लीच्या प्युअर ड्रिंक्सचा कॅम्पा कोला. १९९३ मध्ये कोका-कोला परतली, थम्स अप विकत घेतला, कॅम्पा विझत गेला. २०२२ मध्ये रिलायन्सने कॅम्पा घेतला आणि २०२३ मध्ये दहा रुपयांच्या बाटलीत परत आणला. त्याच दहा रुपयांत पंजाबातला लाहोरी जीरा २०१७ पासून उत्तरेत पसरला आहे. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात आज सगळ्यात जास्त तोच दिसतो. वहीत त्याला ७ आहेत: जिरं खरं वाटतं, शेवट थोडा खारट.

ही दहा रुपयांची लढाई मोठ्यांना परवडते. छोट्या सोडावाल्याचं काय, हा प्रश्न मला वही लिहिताना सारखा पडतो. गोड किंवा स्वाद घातलेल्या सोड्यावर आपल्याकडे २०१७ पासून २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के उपकर होता. सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के. बहुराष्ट्रीय कंपनीचा कोला असो की शंभर वर्षं जुन्या कारखान्याची रासबेरी, दर तोच. साखरेवर कर लावणं मला चुकीचं वाटत नाही; घरात मधुमेह असलेल्या माणसाला वाटूही नये. पण कर साखरेच्या प्रमाणावर नाही, पेयाच्या प्रकारावर आहे. कमी गोड, काचेच्या परत जाणाऱ्या बाटलीतला सोडा आणि मिट्ट गोड, प्लास्टिकमधला सोडा यांना एकाच तराजूत घातलं की कमी साखर घालणाऱ्याला त्याचं काहीच बक्षीस मिळत नाही. शिवाय काचेची बाटली परत आणायची, धुवायची, फुटली तर सोसायची. यांत कुणाचा निभाव लागणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

दुसरीकडे नव्या पिढीचे छोटे ब्रँड दिल्ली-मुंबईत उभे राहत आहेत. जिंजर एल, टॉनिक वॉटर, आंबवलेले कोंबुचा. बाटल्या देखण्या, लेबलवर झाडांची चित्रं, किंमत मात्र बंट्याच्या पाच-सहा पट. त्यातल्या एका आल्याच्या सोड्याला मी ८ दिले, कारण आलं किसल्यावर हाताला जो वास राहतो तो त्यात होता. एकाला ३, कारण लेबल वाचायला चवीपेक्षा जास्त वेळ लागला. तरी अजून कुणी उपळसरीची बाटली काढलेली माझ्या पाहण्यात नाही. मुळी आपल्या रानातली, वास जगाला ओळखीचा, बामाचा त्रास नाही. कुणी वाचक उद्योगाच्या शोधात असेल तर ही कल्पना फुकट घ्या, पहिल्या खोक्यातल्या दोन बाटल्या मात्र मयूर विहारला पाठवा.

येत्या रविवारी आमच्याकडे चार बाटल्या आहेत. कोकम सिरप आणि साधा सोडा, हा दिल्ली हाटमधल्या महाराष्ट्राच्या स्टॉलवर कोकम सरबत प्यायल्यावर सुचलेला प्रयोग, लिंबाचा बंटा, काळं मीठ वेगळ्या वाटीत, लाहोरी जीरा, आणि आयएनएतून आणलेली रूट बीअर, जिची मुदत मी दोनदा तपासली आहे. शेजारच्या पंजाबी आंटींनाही बोलावलं आहे. त्यांना बाम हा शब्द आधी सांगायचा नाही असं ठरलंय.